बाबासाहेबांच्या पदव्यांचा खर्च कोणी केला?

एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यांमध्ये बॅनर लागतात. बाबासाहेबांच्या नावापुढे पदव्यांची रांग असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. लहान मुलांना ती रांग तोंडपाठ असते आणि त्याचा आपल्याला अभिमानही वाटतो. पण या पदव्यांना पैसे किती लागले, ते कोणी दिले, कोणत्या अटींवर दिले, हा प्रश्न जयंतीच्या भाषणात क्वचितच येतो.

भोर आणि वेल्हे तालुक्यांत काम करताना मला हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून भेटतो. पदवी झालेली मुले-मुली येतात आणि म्हणतात, "ताई, बाहेरच्या युनिव्हर्सिटीचे ऑफर लेटर आले आहे, पण पैशाचे काय करायचे?" घरात आई-वडील जमीन विकायची भाषा बोलत असतात. पुण्यातला एजंट रोज फोन करत असतो. शिष्यवृत्तीची यादी लागलेली नसते. अशा वेळी "बाबासाहेबांनी किती कष्टातून शिक्षण घेतले बघ" एवढे सांगून भागत नाही. कष्ट आपल्या मुलांना माहीत आहेत. त्यांना हिशेब हवा आहे. म्हणून हा हिशेब.

बडोद्याचे साडेअकरा पौंड

फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजी गेले. बाबासाहेब तेव्हा नुकतेच बी.ए. झाले होते आणि बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू होऊन काही दिवसच लोटले होते. बी.ए.च्या शिक्षणासाठीही सयाजीराव गायकवाड महाराजांनीच महिना २५ रुपये दिले होते आणि ती ओळख कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींमुळे झाली होती. पुढे महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवायचे ठरवले आणि त्यात बाबासाहेबांची निवड झाली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. जून १९१३ मध्ये करारावर सही झाली. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची, ही त्यातली अट. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले.

या कराराकडे नीट पाहा. त्यात पैसा आहे, विषय आहे आणि परतीची अट आहे. परदेशी शिक्षणाच्या अनेक शिष्यवृत्त्यांत आजही हीच तीन कलमे असतात. पैसा देणारा विषय सांगतो आणि परत येऊन काय करायचे तेही सांगतो. आपण फक्त पहिले कलम बघतो, इथेच चुकतो.

त्या काळी सनातनी घरांत समुद्र ओलांडला की जात जाते म्हणत. विलायतेहून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे. बाबासाहेबांचा अनुभव याच्या बरोबर उलटा होता. समुद्रापलीकडे गेल्यावरच जातीने त्यांची पाठ सोडली. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच तिकडच्या वर्षांत मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. कोलंबियात त्यांनी १९१५ मध्ये एम.ए. केले, मे १९१६ मध्ये प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला आणि मग लंडन गाठले. ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, नोव्हेंबरमध्ये ग्रेज इन. अभ्यास रंगात आला आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली.

पदवी अर्धी टाकून ते १९१७ मध्ये भारतात परतले. कराराप्रमाणे बडोद्यात हजर झाले. नोकरी मिळाली, पण राहायला घर मिळेना. ते पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. संस्थानाने परदेशी शिक्षणाचे पैसे भरले, पण त्याच संस्थानाच्या राजधानीत त्या शिक्षणाला डोके टेकवायला जागा नव्हती. करार मोडला तो जातीने. बाबासाहेब तर तो पाळायला गेले होते.

दुसरी फेरी : पगार, उसने आणि रमाईचा संसार

लंडन विद्यापीठाने अभ्यास पुन्हा सुरू करायला चार वर्षांची मुभा दिली होती. पैसे मात्र आता कोणी देणार नव्हते. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार महिना ४५० रुपये. त्या पगारातून घर चालवून ते शिल्लक टाकत गेले. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. शिल्लक रक्कम, छत्रपती शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार रुपये आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या भांडवलावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

लंडनमधली उपासमार आपण ऐकलेली आहे. सकाळी एखादा ब्रेडचा तुकडा, दिवसभर ग्रंथालय. ती कोणी हौसेने केलेली तपश्चर्या नव्हती. खिशात पैसे नव्हते, एवढेच तिचे कारण. एम.एस्सी. जून १९२१ मध्ये झाली, बॅरिस्टरी १९२२ मध्ये. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत दिला तेव्हा लंडनमध्ये राहून तो दुरुस्त करण्याइतके पैसे उरले नव्हते. १९२३ मध्ये ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध दुरुस्त करून पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. वकिलीची सनद घ्यायलाही भथेनांचीच मदत लागली. कोलंबियाची पीएच.डी. तर त्याहून लांबली. तिथल्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून द्यावा लागे. तो १९२५ मध्ये छापला गेला आणि पदवी १९२७ मध्ये हाती आली.

या सगळ्या वर्षांत मुंबईतला संसार रमाईने ओढला. लेकरे दगावली, उपास घडले. शिष्यवृत्तीच्या कोणत्याही हिशेबवहीत हा खर्च लिहिलेला नसतो. एखाद्या घरातला एक जण परदेशी शिकायला जातो तेव्हा घरातल्या बाकीच्यांनी काय सोडले, तेही फीमध्येच धरले पाहिजे. आजही धाकट्या बहिणीचे कॉलेज थांबवून थोरल्याची फी भरली जाते. ही गोष्ट आपण बोलत नाही, कारण ती आपल्याच घरात घडते.

राजाची मर्जी आणि तोरण्याच्या पायथ्याचा मुलगा

सयाजीराव महाराज आणि शाहू महाराज यांचे मोठेपण कोणी नाकारत नाही. बाबासाहेबांनी स्वतः १९२५ चा ग्रंथ सयाजीरावांना कृतज्ञतेने अर्पण केला. पण व्यवस्था म्हणून पाहिले तर ही मदत कशावर उभी होती? एका राजाच्या मर्जीवर आणि एका गुरुजींच्या ओळखीवर. तिथे हक्क नावाची गोष्ट नव्हती. बाबासाहेब बडोद्याचे प्रजाजनही नव्हते.

आपला मुलूख तेव्हा भोर संस्थानात होता. पंतसचिवांचे हे संस्थान. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड हे त्याचे पाच तालुके. प्रचंडगड म्हणजे तोरणा, म्हणजे आजचा वेल्हे भाग, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात. ८ मार्च १९४८ रोजी हे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९१३ साली तोरण्याच्या पायथ्याशी महारवाड्यात जन्मलेला एखादा पोर बाबासाहेबांइतकाच हुशार असेल. पण त्याच्या वाट्याला वतनाची येसकरी, गावाचा सांगावा आणि मेलेले ढोर आले. त्याला केळुसकर गुरुजी भेटले नाहीत, म्हणून सयाजीरावही भेटले नाहीत.

म्हणून "टॅलेंट असेल तर मार्ग निघतोच" असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. एकाला मार्ग निघाला म्हणून तो सगळ्यांना मोकळा होता असे होत नाही. मर्जीवर चालणाऱ्या व्यवस्थेत एक आंबेडकर पार होतो आणि हजारो आंबेडकर वतनाच्या भाकरीवर संपतात. ही गोष्ट सगळ्यांत आधी ओळखली ती खुद्द बाबासाहेबांनी.

१९४२ : मर्जीचा हक्क झाला

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात शिक्षणाचा भाग आहे आणि तो भीक मागणाऱ्याच्या भाषेत लिहिलेला नाही. सरकार बनारस आणि अलीगढच्या विद्यापीठांना दरवर्षी लाखोंचे अनुदान देते, मग अनुसूचित जातींच्या शिक्षणावर तेवढाच खर्च का करत नाही, असा थेट सवाल त्यात आहे. मागणीही नेमकी आहे. विज्ञान व तंत्रशिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना देशात शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला दोन लाख रुपये आणि इंग्लंड, युरोप, अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकण्यासाठी वर्षाला एक लाख रुपये.

स्वतः भोगलेल्या दहा वर्षांच्या हिशेबातून ही मागणी आली आहे. मला जे एका राजाने दिले ते माझ्या समाजाला सरकारी तिजोरीतून, दरवर्षी, नियमाने मिळाले पाहिजे, हा त्याचा अर्थ. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्यातल्या ज्या घरांत आज पदवीधर आहेत, त्यांतली बहुतेक घरे या शिष्यवृत्तीच्या पायरीवरून वर आली आहेत. स्वतंत्र भारतात १९५४-५५ मध्ये परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय योजना आली, ती आजची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. महाराष्ट्रात २००३ पासून राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आली. शाहू महाराजांनी एकाला दीड हजार दिले होते. त्यांच्या नावाने आता दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्धांतले ७५ विद्यार्थी जाऊ शकतात. मर्जी आणि हक्क यांत काय फरक असतो तो या आकड्यात दिसतो.

यात एक खाच आहे, ती तरुणांनी लक्षात ठेवावी. १९५६ ला आपण बौद्ध झालो. महाराष्ट्राने नवबौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या, पण केंद्राच्या यादीत १९९० पर्यंत बौद्ध हे अनुसूचित जातीत धरलेच जात नव्हते. धम्म स्वीकारला म्हणून चौतीस वर्षे केंद्राच्या दारात आपल्याला बौद्ध म्हणून अनुसूचित जातीचा हक्क सांगता येत नव्हता. १९९० च्या कायदादुरुस्तीने तो मिळाला. त्यामुळेच केंद्राच्या योजनेला अर्ज करताना जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते. राज्याच्या नमुन्यातला दाखला जोडला आणि अर्ज अडकला, असे अजूनही घडते.

हक्क पुन्हा मर्जीकडे

मिळालेला हक्क कागदावर तसाच राहतो आणि अटी वाढवून पोकळ केला जातो, ही जुनीच रीत आहे. मागच्या काही वर्षांत तीन गोष्टी झाल्या.

पहिली गोष्ट विषयाची. २०२२ मध्ये केंद्राने नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपचे नियम बदलले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताशी संबंधित सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, असे ठरवले. भारतावरचा अभ्यास भारतातच करा, असे त्याचे कारण दिले गेले. आता कोलंबियातला तो १९१६ चा जातींवरचा निबंध आठवा. एका संस्थानिकाच्या पैशावर, गुलाम देशातला एक अस्पृश्य तरुण परदेशात बसून भारतातल्या जातींचे मूळ शोधू शकला. त्याचाच वारसा सांगणाऱ्या मुलीला आज प्रजासत्ताकाच्या पैशावर ते करता येणार नाही. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून मला हे जास्त टोचते. पण इंजिनीअरिंगवाल्यांनीही याकडे दुर्लक्ष करू नये. परदेशातल्या विद्यापीठांत जातीवर कोण बोलणार, हे यातून ठरते. ज्यांच्याकडे घरचा पैसा आहे ते जाऊन बोलतीलच. आपण त्यांच्या संशोधनाचा विषय होऊन राहू.

दुसरी गोष्ट राज्याची. २०२४ मध्ये राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ७५ टक्के गुणांची अट आणली गेली आणि खर्चावर पदव्युत्तरसाठी ३० लाख व पीएच.डी.साठी ४० लाखांची मर्यादा घातली गेली. समान धोरण असे त्याला गोंडस नाव होते. विद्यार्थी आणि संघटना उभ्या राहिल्या, तेव्हा सरकारला या अटी मागे घ्याव्या लागल्या. बाबासाहेबांना एम.ए.च्या प्रवेशासाठी बी.ए.चे ७५ टक्के मागितले असते तर कोलंबिया दूरच राहिले असते.

तिसरी गोष्ट वेळेची. २०२५ मध्ये नॅशनल ओव्हरसीजसाठी निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच पत्रे देण्यात आली, बाकीच्यांना निधी उपलब्ध होईल तसे कळवू असे सांगितले गेले. विद्यापीठाची तारीख कोणासाठी थांबत नाही. निवड झाली पण पत्र नाही, म्हणजे व्हिसा नाही आणि व्हिसा नाही म्हणजे वर्ष गेले. १९१७ मध्ये बाबासाहेबांचा लंडनमधला अभ्यास मध्येच तुटला, तसेच हे तुटणे आहे.

एजंट, कर्ज आणि वतनाची जमीन

सरकारी दार उशिरा उघडते, म्हणून मुले दुसऱ्या दाराकडे वळतात. तिथे एजंट बसलेला असतो. त्याचा सल्ला फुकट असतो, कारण त्याचे कमिशन विद्यापीठाकडून येते. म्हणून तो तुम्हाला तेच विद्यापीठ सुचवतो जिथून त्याला कमिशन मिळते. नॅशनल ओव्हरसीजला जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मधले विद्यापीठ लागते. एजंटने दिलेले विद्यापीठ बऱ्याचदा त्या यादीतच नसते. हे मुलांना कळते तेव्हा प्रवेशाची अनामत भरून झालेली असते.

मग कर्ज. बँकांच्या प्रचलित पद्धतीत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, त्यापुढे लागते. ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासाची फीच अनेक ठिकाणी पंचवीस-तीस लाखांच्या घरात जाते. राहण्याचा खर्च, व्हिसा, आरोग्य अधिभार वेगळे. तारण म्हणून आपल्या माणसाकडे काय असते? शहरात फ्लॅट नाही. गावात जमीन असली तर ती शेतजमीन, आणि बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत. त्यातही ती महार वतनाची असेल तर सातबाऱ्यावर नवीन शर्त. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन बिल मांडले ते ही गुलामी मोडून जमीन वतनदाराच्या हाती रयताव्याने यावी म्हणून. वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने. जमीन राहिली, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा यांत अडकून राहिली. बँकेला ती चालत नाही. चालते ती फक्त फार्महाऊससाठी डोंगर शोधत फिरणाऱ्या दलालाला.

आणि इथे मला खरी भीती वाटते. भाटघर, पानशेत, नीरा देवघर, गुंजवणी या धरणांनी आपल्या भागातली किती तरी शिवारे आधीच खाल्ली आहेत. उरलेल्या एकर-दीड एकरावर आता परदेशी पदवीचे गिऱ्हाईक आले आहे. कमिशनवाल्या विद्यापीठाच्या एका वर्षाच्या पदवीसाठी तीन पिढ्यांची जमीन कवडीमोलाने जाऊ नये. बाबासाहेबांनी कर्ज काढले, हे खरे. पण काय शिकायचे, कुठे शिकायचे, कोणाकडे शिकायचे हे ठरवून मग काढले.

मग करायचे काय?

हिशेब वाचून नुसता संताप करून उपयोग नाही. आपल्या तालुक्यांपुरती काही कामे आपण लगेच करू शकतो.

कागदपत्रे पदवीच्या पहिल्या वर्षापासून जमवा. जातीचा दाखला, जात वैधता, केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा धरणात उठलेल्या कुटुंबांना शोधायला महिने लागतात. ऑफर लेटर आल्यावर शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो.

विद्यापीठ निवडताना आधी शिष्यवृत्तीच्या अटी वाचा, मग विद्यापीठांची यादी करा. नॅशनल ओव्हरसीजला ६० टक्के गुण, ३५ वर्षांच्या आतले वय आणि ८ लाखांच्या आतले कौटुंबिक उत्पन्न लागते. चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, इरॅस्मस मुंडुस या शिष्यवृत्त्याही बघा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही, पण वर्षभराच्या राहण्याचे सुमारे बारा हजार युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. एजंट ही माहिती सांगत नाही, कारण त्यात त्याला काही मिळत नाही.

तिसरे काम समाजाचे. आयईएल्‌टीएसची एक परीक्षा सतरा-अठरा हजारांना पडते, अर्जांची फी वेगळी. हुशार मुले इथेच गळतात, तीस लाखांपर्यंत पोहोचतच नाहीत. एका जयंतीच्या डीजेच्या पैशात चार-पाच मुलांची परीक्षा फी भागते. प्रत्येक गावाच्या जयंती मंडळाने वर्गणीतला ठरावीक हिस्सा बाजूला काढला तर भोर-वेल्ह्यात एक छोटा भथेना निधी उभा राहू शकतो. मी मुद्दाम भथेनांचे नाव घेते, कारण त्यांनी राजा नसताना, मित्र म्हणून पैसे दिले.

आणि चौथे, सरकारशी भांडण. २०२४ च्या अटी मागे गेल्या त्या पोरे रस्त्यावर आली म्हणून. २०२२ चे विषयबंदीचे कलम काढा, यादी विद्यापीठांच्या तारखांआधी लावा, निवड झालेल्या प्रत्येकाला पत्र आणि पैसे वेळेवर द्या, या तीन मागण्या प्रत्येक तहसीलवर गेल्या पाहिजेत. त्या मागताना आवाज खाली ठेवायचे कारण नाही. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये हा पैसा हक्काचा म्हणून मागितला होता.

आणि जे जातील त्यांच्यासाठीही एक शब्द. बडोद्याच्या करारात दहा वर्षांची नोकरी लिहिली होती. आपल्या शिष्यवृत्तीमागे रमाईच्या उपासापासून रस्त्यावर उतरलेल्या पोरांपर्यंत अनेकांचा पैसा आणि घाम आहे. तो करार कुठल्याच कागदावर नाही. परदेशातून परत या किंवा तिथेच राहा, पण मागच्या वर्षीच्या तुमच्यासारख्याच एखाद्या पोराचा अर्ज भरून द्या, त्याचा एसओपी वाचून द्या, त्याच्या पहिल्या परीक्षेची फी भरा.

जय भीम!